कुठल्या अंगानं ढकललं

भांडायचं असेल तर माणसानं तोंड उघडून भांडावं. ही काय रीत झाली, की सासूनं कामाची माती केली आणि सुनेनं नुसतं म्हणावं, "ठीक आहे, आई"? ठीक आहे! रविवारपासून ते दोन शब्द फौजदारबाईंच्या डोक्यात टपटपत होते, वायसर गेलेल्या नळासारखे. नळ असता तर लेकाला सांगून बदलून घेतला असता. सुनेच्या गळ्यात कुठला वायसर घालणार? ती तोंडात मिठाची गुळणी धरून घरात वावरत होती, कपबशा धूत होती, पंख्याखाली केस वाळवत होती, आणि जाता-येता हसत होती. हसत होती, हे सगळ्यात वाईट. फौजदारबाईंच्या सात पिढ्यांत कोणी फौजदार नव्हता. जिन्यात उभ्या राहून त्यांनी आवाज टाकला की वरच्या मजल्यावरचा रेडिओ आपोआप बारीक व्हायचा, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं होतं, आणि त्यांनी ते बक्षिसासारखं घेतलं होतं. अंगावर आलेलं शिंगावर घ्यायची सवय. पण अंगावर काही आलंच नाही तर शिंगांनी करायचं काय? भिंतीला घासायची?

झालं होतं एवढंच, की त्यांनी दगड धुतले. आता यात जगबुडी होण्यासारखं काही आहे असं कुठल्याही शहाण्या बाईला वाटलं नसतं. सून दगडांचं शिकलेली, दगडांचं शिकवणारी. डोंगरात जायची आणि पिशव्या भरभरून दगड आणायची, जशा बाकीच्यांच्या सुना चपला आणतात. ते खोकं गॅलरीत पडलेलं, दगडांच्या फटीत चिखल, वर काळ्या शाईनं कसल्या तरी रेघा, बाण, आकडे. फौजदारबाईंचं उभं आयुष्य मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात गेलं होतं. रक्त थंड पाण्याला भितं, औषधाचा पिवळा डाग उन्हाला भितो, आणि शाई, मग तिच्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, स्पिरिटला भिते. वाचायला त्यांना अक्षर अक्षर लावावं लागायचं. डाग मात्र एका नजरेत वाचता यायचा. रविवारी सकाळी सून बाजारात गेल्यावर त्यांनी बाटली काढली, ब्रश काढला, आणि एकेक दगड मांडीवर घेऊन असा घासला की पोटच्या पोराला कधी घासलं नसेल. मग टॉवेलवर उन्हात मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. अभ्रकाचे पापुद्रे चकाकत होते, मध्ये मध्ये डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल ठिपके. सुंदर दिसत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, कौतुक झेलायला.

सून आली, गॅलरीच्या उंबऱ्यावर थांबली, आणि पिशवी हातात तशीच ठेवून गुडघ्यांवर बसली. एक दगड उचलला. पालथा केला, उताणा केला, कडेनं बघितला. दुसरा उचलला. पडून आलेल्या पोराचं अंग चाचपावं, कुठं लागलंय बघावं, तशी ती एकेकावर बोटं फिरवत गेली, आणि शेवटच्या दगडापर्यंत जाऊन थांबली. मग ती उठली आणि ते वाक्य म्हणाली. वर विचारलं, "टॉवेल धुवायला टाकू का?"

लेकानं संध्याकाळी समजावलं. लेक लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला सगळं वर-खाली अशा भाषेत सांगता यायचं. "आई, दगड डोंगरातून काढायच्या आधी त्याच्यावर खूण करतात. वर कुठली बाजू होती, उत्तरेला कुठली, कितपत तिरका होता. ती खूण गेली की दगड नुसता दगड."

"मग परत काढ म्हणावं. शाई मी आणून देते."

"कशावरून काढणार? आता ते डोंगरालाच विचारायला लागेल."

"मग विचारू दे की!"

हे शब्द त्यांच्याच जिभेचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आतल्या खोलीत सुनेनं ते ऐकलं असणार, कारण ती बाहेर आली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "बुधवारी निघते मी. कडा अजून जागेवर आहे. तिथला रस्ता रुंद करतायत, पुढच्या आठवड्यात तो भाग सुरुंगानं उडवणार आहेत. त्याआधी पोचलं पाहिजे." लेक म्हणाला, एकटी जाऊ नको. ती म्हणाली, एकटी नाही, दोर धरायला माणूस आहे तिथं. दोर! फौजदारबाईंच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. सुरुंग हा शब्द त्या घरात कितीतरी वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. सुनेला कोणी सांगितलंही नसेल, की तिचा सासरा हेच काम करायचा. खडकात भोकं पाडायचा, सुरुंगाची दारू ठासायला. डोंगरातले रस्ते. महिनोन्महिने बाहेर, आणि घरी आला की कानात दडे बसल्यामुळे ओरडूनच बोलणार, मग त्याही ओरडूनच बोलणार, आणि शेजारचे भिंत ठोकणार.

त्या दोघांचं असं ठरलेलं नव्हतं, पण अंगवळणी पडून गेलेलं होतं, की निघायच्या दिवशी भांडण व्हायचंच. शर्टाच्या गुंडीवरून, घासलेटच्या स्टोव्हवरून, नाहीतर त्याच्या बहिणीवरून, जी बिचारी दुसऱ्या गावात बसून कोणाच्या अध्यातमध्यात नव्हती. भांडण रंगात यायचं आणि गाडीची वेळ व्हायची. तो जिना उतरता उतरता ओरडायचा, "आल्यावर बघतो तुझ्याकडे!" आणि या वरून ओरडायच्या, "ये तर खरा!" आणि तो यायचा. भांडण अर्धं राहिलेलं असायचं ना. माणूस जेवण टाकून जाईल, उरलेलं भांडण टाकून जात नाही. फक्त एकदा पोरगं तापानं फणफणलं होतं, नुकतं झोपलं होतं, म्हणून दोघं कुजबुजत बोलले. त्यानं बूट दाराबाहेर जाऊन घातले. पायरीवरून मागं बघून हसला. परत येऊन भांडायला काहीच उरलं नाही. कोणी भोक पाडलेलं नव्हतं, कोणी सुरुंग लावलेला नव्हता, अशा वरच्या उतारावरून डोंगर खाली आला. दोन माणसं टोप्या हातात घेऊन दारात उभी राहिली. वाचता येत नसलं तरी टोप्या वाचता येतात.

म्हणून सोमवारपासून फौजदारबाईंनी कंबर कसली. सुनेला भांडायला लावायचंच. ही काय मोठी गोष्ट होती? दवाखान्याच्या मुकादमाला त्यांनी एका वाक्यात रडवलं होतं. सकाळी त्यांनी सुनेचे डोंगरातले बूट पायानं सरकवले आणि म्हणाल्या, "सैन्यात भरती आहे का? बाईमाणसाचे पाय आहेत की रणगाडे?" सून म्हणाली, "यांनी पाय घसरत नाही, आई." घसरत! त्यांनी बूट परत जागेवर सरकवले. दुपारी भात मुद्दाम कच्चा ठेवला. तिनं चावून चावून खाल्ला. संध्याकाळी हुकमी बाण काढला: "तुझ्या आईनं तुला तोंड दिलंय, की भिंतीवरच्या फोटोसारखं नुसतं लावलंय?" लेकानं डोळे मिटून घेतले. सुनेनं हातातला कप खाली ठेवला, त्याच्या काठावरून बोट फिरवलं, क्षणभर वाटलं आता येतं, आता येतं, आणि ती म्हणाली, "आईचं तोंड माझ्यापेक्षा लहान होतं." आणि हसली. पालथ्या घड्यावर पाणी. रात्रभर फौजदारबाई अंथरुणात कूस बदलत राहिल्या. त्यांना कडा दिसत होता, न बघितलेला. त्याच्यावर एक बारीक आकृती, कमरेला दोर, एका हातात हातोडी, आणि वर, जिथं कोणी बघत नाही तिथं, एक खडा सुटतोय. आणि त्या आकृतीला घरी कोणाशी काहीही बोलायचं राहिलेलं नाही.

मंगळवारी त्यांनी सुनेच्या पिशवीतून डबा हळूच काढून घेतला, आणि ती गेल्यावर "विसरली गं बाई" असं रिकाम्या घराला ऐकवून, तो पोचवायला निघाल्या. बसमध्ये बसल्या, चुकीच्या थांब्यावर उतरल्या, परत चढल्या. सुनेच्या कामाची इमारत त्यांनी बाहेरून पाहिली होती. लेकाचं लग्न याच इमारतीच्या लिफ्टमध्ये जुळलं होतं. ही बाई दगडांचं पोतं घेऊन आत शिरली, लिफ्ट मध्येच अडकली, आणि सोडवायला गेलेल्या लेकानं वरून डोकावून विचारलं, "वजन किती?" ती म्हणाली, "माझं की डोंगराचं?" तेव्हा हिला बोलता येत होतं! मग लग्नानंतर काय झालं? फौजदारबाई जिन्यानं चढल्या. प्रत्येक मजल्यावर थांबून दम घेताना हा प्रश्न त्यांच्याबरोबर दम घेत होता, आणि त्यांना तो नको होता.

दगड कापायची खोली आधी लागली. ओल्या दगडाचा वास, मशिनीची घरघर, जमिनीवरून वाहणारं राखाडी पाणी. त्यांना एकदम धुलाईघरात आल्यासारखं वाटलं आणि छाती जरा मोकळी झाली. रबरी एप्रन घातलेला एक माणूस फिरत्या पात्याला दगड लावून उभा होता. दगडाचे काप काढायचं काम त्याचं. त्यांनी सुनेची चौकशी केली तशी त्यानं पातं थांबवलं.

"मॅडमच्या घरच्या का तुम्ही? बसा, बसा. मॅडम आहेत पलीकडे. मन लागत नाही त्यांचं दोन दिवस. लागणार कसं? वर्षभराचं काम, आणि स्वतःच्या हातानं धुऊन टाकलं."

"कोणी?"

"त्यांनीच. घरी चिखल काढायला म्हणून घेतले आणि खुणाच उडाल्या, म्हणे. मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, पहिल्या वर्षाची पोरं करत नाहीत ते तुम्ही कसं केलंत? मान खाली घालून उभ्या होत्या. मला तर खरंच वाटत नाही. मॅडम नुसता दगड ठेवताना दोनदा बघतात."

फौजदारबाईंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. जन्मात त्यांच्या वाट्याची शिवी दुसऱ्या कोणी खाल्ली नव्हती. त्यांची होती ती, मेहनतीची होती. म्हातारं माणूस म्हणून आडोशाला ठेवलं होतं त्यांना, थंडी लागेल म्हणून कुंडी आत घ्यावी तसं. "मी धुतले," त्या म्हणाल्या. "तुमच्या सरांना सांगा. स्पिरिट आणि ताठ केसांचा ब्रश. अशी शाई काढून दाखवा म्हणावं." एप्रनवाल्यानं पलीकडचं दार दाखवलं. त्यांना मात्र सांगून काही हलकं वाटलं नाही.

सून खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. पाठ ओळखीची, पण इथं ती वेगळी बसत होती, ऐसपैस, खुर्चीच्या दांड्यावर एक पाय टाकून. घरात तिला कधी असं बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. चाहूल लागताच पाय खाली आला.

"आई? तुम्ही कशा आलात?"

"पायांनी. डबा विसरलीस."

"मी भरला होता. पिशवीत ठेवला होता."

"मग त्याला पाय फुटले. माझं पाप तू तुझ्या नावावर का चढवलंस?"

सुनेनं दाराकडे पाहिलं. "हळू, आई. शेजारी तास चालू आहे."

"मी कुजबुजणार नाही. कुजबुजून..." त्यांनी डबा पोटाशी धरला. "मला बोल लागला असता. माझ्या अंगाला सवय आहे."

"सांगून खुणा परत आल्या असत्या का?" सून म्हणाली, आणि लहान मुलाचं लक्ष दुसरीकडं वळवावं तशी खुर्चीवरून उठली. "आल्याच आहात तर बघा. तुम्ही धुतलेल्यातलाच एक आहे. केसापेक्षा पातळ काप काढलाय."

बघायचं नाही असं ठरवूनच फौजदारबाईंनी डोळा लावला. आधी त्यांना स्वतःची पापणीच दिसली. मग एकदम रंग. साबणाच्या फुग्यावर फिरतात तसे निळे, पिवळे, गुलाबी. लांबट पापुद्रे एकाच दिशेला आडवे झोपलेले, दाटीवाटीनं. आणि त्यांच्या मधोमध एक मोठा काळा गोळा, ज्याला वळसा घालून सगळे पापुद्रे जात होते. सुनेनं खालची तबकडी फिरवली. रंग बदलले, निळ्याचं पिवळं झालं, पिवळं विझलं. काळा गोळा होता तसाच.

"हा का बदलत नाही?"

"तो तामडा. या उजेडात कितीही फिरवला तरी काळाच. ते लाल ठिपके बघितलेत ना, ते हे." तिचा आवाज बदलत चालला होता, घरातला मऊपणा जाऊन त्यात हाड आलं होतं. "हा सगळा एकेकाळी समुद्रातला चिखल होता, आई. दोन खंड एकमेकांवर चालून आले. मधला समुद्र मिटला. चिखल खाली ओढला गेला, कित्येक किलोमीटर. वरून दाब, खालून उष्णता. तिथं चिखलाचं अभ्रक झालं, आणि त्यात हा तामडा वाढायला लागला. वर डोंगर उभा राहत होता आणि खाली हा वाढत होता. पण आजूबाजूचा दगड सरकत होता, म्हणून हा गरगरत मोठा झाला. पोटात बघा, बारीक ठिपक्यांची वाकडी रांग आहे. ते त्याचं गरगरणं. सुरुवात मध्यात, शेवट काठाला. जे झालं ते आत लिहिलेलं आहे."

फौजदारबाईंना रांग सापडली. ती मध्यातून निघून वळत गेली होती. त्यांनी मेज हातानं धरलं. नवी नवरी म्हणून त्या ज्या घरात आल्या होत्या तिथल्या अरुंद बोळकांडीत, सासू आणि नणंद यांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या स्वतःच्या खांद्यांची आठवण कुठून तरी वर आली. कोणाच्या धक्क्यानं आपण अशा वळलो, ते त्यांना कधी कळलं नव्हतं. सवड मिळाली नव्हती.

"म्हणजे ढकलाढकलीत वाढला."

"हो."

"कोणी ढकललं?"

"तेच तर. कुठल्या अंगानं, वरचा थर कुठल्या दिशेला सरकला, ते बाणावरून कळलं असतं. आता ढकललं एवढं दिसतं."

"आणि काठाला हे हिरवट?"

"वर येताना बदललंय. भराभर वर आला तर खालचं सगळं धरून ठेवतो. रेंगाळत आला, त्यात पाणी शिरलं, की काठापासून विसरायला लागतो."

"पाण्यानं जातं म्हणजे."

"पाण्यानं जातं," सून म्हणाली. तबकडीला एक झटका बसला. फौजदारबाईंनी डोळा काढला नाही. काढला तर ती परत हसेल, अशी त्यांना भीती वाटली. त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिल्या.

"एकदा विचारायचं होतं, आई."

"काय?"

"हे काय आहे, म्हणून! खोकं किती दिवस गॅलरीत होतं. रोज त्याला वळसा घालून तुम्ही कपडे वाळत घालत होता. एकदाही विचारलं नाहीत की अगं, या रेघा कसल्या. तुम्ही विचारतच नाही, तुम्ही धुता. माझे बूट धुतलेत, त्यांचे तळवे सुटले. माझी पिशवी धुतलीत. माझ्या आईची चादर आणली होती मी, ती उकळलीत. तिचा वास होता त्या चादरीला! आई गेल्यावर तेवढंच होतं माझ्याकडे, आणि तुम्ही ती घडी करून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, बघ कशी निघाली!" आता ती ओरडत होती. शेजारच्या खोलीतला तास थांबला असावा, कारण भिंतीपलीकडे एकदम सामसूम झाली. "आणि मी ठीक आहे म्हणते, कारण तुमच्याशी भांडून कोणी जिंकलेलं नाही. सरांना खरं का नाही सांगितलं? कारण मग ते हसले असते, सासूनं धुतले म्हणून, आणि मला ते नको होतं, तुमच्यावर कोणी हसलेलं. आणि राग येत नाही असं वाटतं तुम्हाला? इतका येतो, की तो कडा मला बरा वाटतो. तिथं वर गेलं की कोणी माझं काही स्वच्छ करत नाही. परत खाली उतरूच नये असं वाटतं कधी कधी. खरंच वाटतं!"

ती थांबली. छाती वरखाली होत होती. नाक लाल झालं होतं. फौजदारबाई सावकाश ताठ झाल्या. आधी लागलं, कानशिलात बसावी तसं लागलं, चादरीचं तर आत कुठंतरी जाऊन बसलं. मग, मुंग्या आलेल्या पायात रक्त परत यावं तसं, दुखत दुखत ऊब येऊ लागली. उत्तरं जिभेवर रांग लावून उभी राहिली. चादरीत ढेकूण होते, ते कोणाला सांगितलं? बुटांचे तळवे आधीच सुटलेले होते. आणि सासूवर कोणी हसेल याची काळजी करणारी तू कोण? एकेक उत्तर असं धारदार, की दिलं असतं तर पोरगी इथंच गप्प झाली असती, डोळे पुसून "ठीक आहे" म्हणाली असती, आणि सगळं मिटलं असतं. मिटलं असतं! त्यांनी दातांवर दात दाबले. उभ्या जन्मात त्यांनी तोंडाशी आलेलं उत्तर गिळलं नव्हतं. आज गिळलं. खिडकीबाहेर कोणीतरी गाडीचा दरवाजा आपटला आणि त्या दचकल्या. उद्या याच वेळी ही वर असेल. डबा त्यांनी सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवला, मग वाटलं सांडेल, म्हणून उचलून खुर्चीवर ठेवला. दारापर्यंत गेल्या. सून तशीच उभी होती, पुढचा वार कुठून येतो त्याची वाट बघत.

"भांडता येत नाही तुला," फौजदारबाई म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातल्या एप्रनवाल्यानंही मान वर केली. "बुटावरून चादरीवर, चादरीवरून कड्यावर, एकही धड शेवटाला नेत नाहीस. तुझ्या एकेका शब्दाला माझ्याकडे उत्तर आहे, आणि त्यातलं एकही मी आज देणार नाही. ऐकायचं असेल तर हातीपायी धड घरी यायचं. तुझं चुकलंय, सूनबाई. कुठं चुकलंय आणि किती चुकलंय, ते तू आल्यावर सांगीन."